पावसाळी बास्केटबॉल शिबिर : कॉलेजच्या संघाकडून यंदा किती अपेक्षा ठेवाव्यात?

रत्नागिरी परिसरातील एका खाजगी प्रशिक्षण केंद्राने कॉलेज संघांसाठी भर पावसात घेतलेल्या हंगामपूर्व शिबिराला आमच्या मुलांचा संघ गेला होता. जाहिरातीत ‘विजेता संघ घडवू’ असे आश्वासन होते, ते सोडून देऊ. शुल्काच्या मानाने शिबिर उजवे ठरले. परंतु त्याच्या जोरावर संघाकडून काय अपेक्षा धरावी, याविषयी मी हात राखूनच बोलेन.

कोकणात जून ते सप्टेंबर उघड्या सिमेंटच्या मैदानाचा बहुतेक वेळा उपयोग नसतो. शेवाळ धरलेल्या जमिनीवर धावता धावता दिशा बदलली की घोटा मुरगळलाच म्हणून समजावे. पाऊस जरा ओसरतो तोवर गणपती येतात, राजापूर-संगमेश्वरकडची मुले आपापल्या गावी जातात आणि विसर्जन आटोपून परत येईपर्यंत मुंबई विद्यापीठाच्या कोकण विभागातील आंतरमहाविद्यालयीन सामने डोक्यावर येतात. म्हणून छपराखालचे मैदान मिळणे हीच या शिबिराची पहिली जमेची बाजू आहे.

छप्पर पत्र्याचे आहे. मोठी सर आली की शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही, त्यामुळे प्रशिक्षकांनी पहिल्या दिवसापासून हाताच्या खुणांवर सराव घेतला. याचा अनपेक्षित फायदा असा झाला, की चेंडूकडे बघत ड्रिबल करणारी आमची मुले मान वर करून खेळू लागली. एका कोपऱ्यात गळती होती व तेथे गोणपाट अंथरले होते. शुल्क आकारणाऱ्या केंद्राकडून याहून बरी व्यवस्था अपेक्षित होती.

खरी कमाई झाली ती बचावात. चेंडू बास्केटकडे सुटला की आमचे खेळाडू वर पाहत उभे राहायचे. येथे प्रत्येकाला आधी आपला प्रतिस्पर्धी शोधून, त्याला पाठीमागे अडवून, गुडघे वाकवून जागा धरायला लावले आणि मगच रिबाउंडसाठी, म्हणजे नेम चुकून उसळलेला चेंडू पकडण्यासाठी, उडी मारू दिली. कोपऱ्यातून मारलेला आणि चुकलेला चेंडू बहुधा विरुद्ध बाजूला उसळतो, हे नुसते सांगून न थांबता त्या बाजूला खेळाडू उभे करून पुन्हा पुन्हा घोटून घेतले. उंचीने कमी असलेल्या संघाला याहून उपयोगी शिकवण क्वचितच मिळेल, आणि आमचा संघ उंचीने कमीच आहे.

आक्रमणात मात्र शिबिर तोकडे पडले. नियमानुसार मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते आणि कोपऱ्यात तीन गुणांची रेषा बाजूरेषेपासून ९० सेंटिमीटर आत असते. या सभागृहाची रुंदी त्याहून कमी असल्याने कोपऱ्यातून तीन गुणांचा नेम साधण्याचा सराव झालाच नाही. आमच्या विभागात बहुतेक संघ दोन-तीनचा झोन लावून, म्हणजे दोघे पुढे व तिघे बास्केटजवळ असे आपापली जागा राखत, बास्केटखाली गर्दी करतात; ती फोडायची तर बाहेरून, त्यातही कोपऱ्यातून, नेम लागावा लागतो. दुसरी उणीव चोवीस सेकंदांच्या घड्याळाची; चेंडू हाती आलेल्या संघाने तेवढ्या वेळात बास्केटवर नेम मारायचा असतो. सरावसामने घड्याळाविना खेळवल्यामुळे आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, निवांत चेंडू खेळवत राहिला, आणि ती सवय स्पर्धेत महागात पडेल.

फ्री थ्रोकडे, म्हणजे फाउलनंतर विनाअडथळा मारायला मिळणाऱ्या नेमाकडे, रोज सत्राच्या अखेरीस, मुले दमलेली असताना लक्ष दिले गेले, हे योग्यच केले. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या फाउलवर समोरच्याला सहसा दोन फ्री थ्रो मिळतात, आणि दमछाक झालेल्या शेवटच्या मिनिटांत अटीतटीचे सामने बरेचदा तेथेच फिरतात.

या सर्वांचा हिशेब करता, कोकण विभागात उपांत्य फेरीपर्यंत धडक मारणे ही यंदाची वाजवी अपेक्षा आहे. कमी गुणांचे, रेटून खेळले जाणारे सामने आम्हाला मानवतील. ज्या संघाकडे बाहेरून नेम धरणारे दोन खेळाडू असतील, त्याच्यापुढे आमची अडचण होईल. ज्या कॉलेजांकडे बंदिस्त मैदान नाही त्यांनी हे शिबिर अवश्य घ्यावे, मात्र पैसे भरण्यापूर्वी सरावसामन्यांसाठी चोवीस सेकंदांचे घड्याळ लावण्याची अट संचालकांकडून लेखी मान्य करून घ्यावी.