बिग टेन: १८ वरच थांबायचं की अजून टीम घ्यायच्या?

अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांना माहितीये, बिग टेन म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट (कॉन्फरन्स), नाव बिग टेन आणि टीम १८! २०२४ ला पश्चिम किनाऱ्यावरचे यूएससी, यूसीएलए, ओरेगॉन, वॉशिंग्टन आत आले आणि आता पुढे २० करा, २४ करा अशी चर्चा चालूच असते.

वाढवायच्या बाजूने खरं कारण एकच, टीव्हीचा पैसा. नवीन शहर म्हणजे नवीन प्रेक्षक, आणि नोटर डेमसारखी स्वतंत्र खेळणारी टीम मिळाली तर कोण नाही म्हणेल? पण वाटेकरी पण वाढतात ना, म्हणून तर ओरेगॉन आणि वॉशिंग्टनला सुरुवातीला कमी वाट्यावर घेतलं.

थांबायच्या बाजूने मला जास्त पटतं ते शेड्यूल. कॉन्फरन्समधल्या मॅच ९ आणि समोर टीम १७, म्हणजे दरवर्षी ८ जणांशी गाठच पडत नाही, २० केल्या तर १० जणांशी. २०२४ मध्येच बघा, पेन स्टेट आणि इंडियाना दोघं ८-१ (८ जिंकल्या, १ हरली), आपसात मॅच झालीच नाही आणि फायनलला कोण जाणार ते टायब्रेकरने, म्हणजे बरोबरी सोडवायच्या नियमाने ठरलं, हे काय चॅम्पियनशिप झाली का. बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये १० टीम होत्या तेव्हा प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळायचा, विषय संपला.

प्रवासाचं तर बोलूच नका. न्यू जर्सीत एडिसनच्या आपल्या मराठी मंडळींच्या शेजारचं रटगर्स आता वॉशिंग्टनशी खेळायला पार दुसऱ्या किनाऱ्यावर सिएटलला जातं, फुटबॉलवाल्यांचं ठीके, आठवड्याला एकच मॅच, पण व्हॉलीबॉल सॉफ्टबॉलच्या पोरींनी अभ्यास कधी करायचा?

माझं मत, नोटर डेम आली तरच दार उघडा.