जुन्या जीपचा पुढचा ॲक्सल: खोलून बांधायचा की भंगारातला आणायचा?

मित्राकडे सीजे-३बी ही जुनी जीप आहे. ४०च्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं, उजव्या नकलमधून (चाक वळवणाऱ्या सांध्यातून) तेल गळतं. आहे तोच ॲक्सल बांधू, की कुर्ल्याच्या भंगार बाजारातून अख्खा आणू, हा त्याचा प्रश्न. ‘एकदम ओके माल’ हे विक्रेत्याचं वाक्य आधी बाजूला ठेवू.

खर्च: अख्खा ॲक्सल वरवर स्वस्त वाटतो. पण त्याचीही किंगपिनची (नकल ज्यावर वळते त्या खिळीची) बेअरिंग आणि सीलं जुनीच, म्हणजे ती बदलणं आलंच.

मेहनत: इथे मात्र अख्खा जिंकतो. बोल्ट काढले, चढवला, ब्रेकची हवा काढली, झालं. बांधायचं तर किंगपिनच्या शिम (पातळ चकत्या) मोजून घालाव्या लागतात. टाय रॉड (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) सोडून, सील लावण्याआधी नकल स्प्रिंगकाट्याने ओढून पाहायची; सैल राहिली तर थरथर परत आलीच म्हणून समजा. घाईच्या मिस्त्रीचं हे काम नव्हे.

टिकाऊपणा: खरी गोम रेशोत, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरांच्या दातांच्या प्रमाणात आहे. या जीपचा रेशो ५.३८, म्हणजे क्राउनला (मोठ्या गिअरला) ४३ दात, पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला) ८. मागच्या ॲक्सलचा रेशो एक आणि पुढच्याचा दुसरा निघाला, तर मध्ये वेगातला फरक सांभाळणारा डिफरेन्शियल नसल्याने डांबरावर फोर-व्हील टाकताच दोन्ही ॲक्सलना जोर वाटणारा ट्रान्सफर केस आवळतो. म्हणून झाकण उघडून दात मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

हाउसिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) सरळ आणि क्राउन-पिनियन शाबूत असेल तर आहे तोच बांधा. मित्रालाही मी हेच सांगितलं. हाउसिंग वाकलंय किंवा दात उडालेत, तरच कुर्ला गाठा.