साडेनऊ फुटी रॉड म्हणे मेलबॉक्समध्ये ठेवला: माझे ३०८ डॉलर कसे गेले

मस्की या मोठ्या शिकारी माशासाठी लांब, जड मासेमारीचा रॉड सेकंड हँड घ्यायचा विचार असेल आणि विकणारा ‘एकसंध आहे, घरपोच पाठवतो’ म्हणत असेल, तर पैसे सोडण्याआधी हे वाचा. माझे ३०८ डॉलर गेले. आधी ६०, मग २४८. त्यातला एकही परत आलेला नाही आणि येईल असं आता वाटतही नाही.

असले प्रकार कसे चालतात हे तुम्हाला माहीत आहे, ते पुराण लावत नाही. मलाही माहीत होतं. मी पोटापाण्यासाठी लोकांची बिलं तपासते, दुसऱ्यांच्या हिशेबातली खोट शोधते. ‘लोकांनी एवढं भोळं राहू नये’ असं मीच चारचौघांत बोललेले आहे. त्यामुळे हे लिहिताना किती जड जातंय ते समजून घ्या, आणि ‘एवढं कसं कळलं नाही?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. घरात विचारून झालाय.

मी मिनेसोटात राहते. इथली आपली मंडळी बहुतेक करून वॉलाय आणि क्रॅपीवर खूश असतात, कारण ते घरी आणून रवा लावून तळता येतात. मस्कीचं तसं नाही. काही ठरावीक तलाव सोडले तर मिनेसोटात ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवता येत नाही, आणि त्याहून मोठा लागला तरी बहुतेक लोक फोटो काढून सोडून देतात. ‘सोडूनच द्यायचा तर धरतेस कशाला गं?’ असं आई दापोलीहून विचारते. तिला उत्तर देणं मी सोडून दिलंय.

माझ्याकडे ८ फुटी हेवी रॉड होता, ३ ते ८ औंसांच्या लूरसाठी (लूर म्हणजे खोटं आमिष) असं छापलेला. मोठ्या पात्यांचे बकटेल, म्हणजे केसाळ शेपटीचे लूर, फेकायला तो पुरतो. पण पाणी गार व्हायला लागलं की व्हर्मिलियन, मिल लॅक्स या तलावांवर लोक मोठं रबर काढतात. ‘पाउंडर’ नावाचा जो रबरी लूर आहे तो नावाप्रमाणे पौंडभर, म्हणजे १६ औंसांच्या आसपास भरतो. जवळजवळ अर्धा किलो. तो ८ औंसांच्या रॉडने फेकला तर एक तर रॉड जाईल नाही तर खांदा. असा लूर झटका देऊन फेकत नाहीत. टोकापासून थोडी दोरी खाली सोडायची, रॉड सावकाश मागे न्यायचा, वजन रॉडवर बसलं की दोन्ही हातांनी लोटायचा. त्यासाठी मूठ लांब हवी आणि रॉडही लांब हवा. दुसरं कारण बोटीपाशी. मस्की लूरमागे पार बोटीपर्यंत येतो आणि तोंड न लावता नुसता बघत राहतो. तेव्हा रॉडचं टोक पाण्यात घालून लूर आठच्या आकड्यात फिरवायचा असतो. पन्नास इंची माशाला आखूड वळण घेता येत नाही, आणि ८ फुटी रॉडने वळण आखूडच पडतं. सांगायचा मुद्दा, लांब रॉड मी मिरवायला मागत नव्हते.

दुकानात मनासारखा रॉड ४३० डॉलरला होता. जुन्या सामानाच्या एका ऑनलाइन ग्रुपवर तसाच दिसला, ३२५ ला. ९ फूट ६ इंच, डबल एक्स्ट्रा हेवी (म्हणजे फार ताठ, जड लूरसाठीचा), एकच हंगाम वापरलेला. घासाघीस करून २९० वर आणला. (विकणारा घासाघिशीत पटकन खाली आला की आपल्याला आपल्याच हुशारीचं कौतुक वाटतं. त्याचं काय जातंय हो, नसलेला रॉड तो ५० लासुद्धा देईल!) ‘अजून दोघं विचारतायत, ६० डॉलर आधी पाठवलेत तर तुमच्यासाठी राखून ठेवतो,’ म्हणाला. ते ६० बँकेतून थेट त्याच्या खात्यावर गेले. असे थेट पाठवलेले पैसे म्हणजे हातात दिलेली रोकड, ते कोणीही परत आणून देत नाही. अनोळखी माणसाला इसार म्हणून दहा डॉलरसुद्धा असे देऊ नका.

मी आंधळेपणाने दिले असंही नाही. त्याचं खातं जुनं होतं, मुलाबाळांचे, कुत्र्याचे फोटो होते. अशी खाती चोरलेली असतात आणि खऱ्या मालकाला पत्ताही नसतो, हे नंतर कळलं. कागदावर माझं नाव आणि तारीख लिहून तो रॉडशेजारी ठेवून फोटो मागवला होता. आला. तोही बनवलेला. हल्ली फोनवरच होतं म्हणे ते. व्हिडिओ कॉल लावायला सांगा. टोक छताला टेकवून रॉड वाकवून दाखव म्हणा, मुठीवरचा छापील मजकूर कॅमेऱ्यासमोर धर म्हणा. कारणं सांगायला लागला की फोन ठेवा.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून अंग तापतं.

मी त्याला विचारलं, ‘टेलिस्कोपिक आहे का?’ नऊ फुटांपुढचे बरेच मस्की रॉड मुठीत आत सरकणारे असतात, नाही तर बोटीच्या रॉड लॉकरमध्ये मावत नाहीत. तो म्हणाला, नाही, एकसंध आहे, टोकापासून बुडापर्यंत एक तुकडा. मग मी विचारलं, ‘पाठवणार कसा?’ हा प्रश्न मी विचारला होता! त्याचं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे: ट्यूबमध्ये घालून, टपालाने, १८ डॉलर, मी नेहमीच पाठवतो.

साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच. हा आकडा मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच दुपारी गाडीत डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत तिरका टेप लावून रॉड मावेल का ते मी बघितलं होतं, आणि तो मावत नव्हता. यूपीएस आणि फेडेक्स या कुरियर कंपन्या नेहमीच्या ग्राउंड सेवेत १०८ इंचांहून लांब पार्सल घेत नाहीत. अमेरिकन टपालात लांबी आणि घेर मिळून १३० इंच ही शेवटची हद्द, आणि बेरीज १०८ च्या पुढे गेली की ओव्हरसाइजचा वेगळा दर लागतो, तो चांगलाच चढा असतो. ट्यूब कितीही बारीक घ्या, साडेनऊ फुटी एकसंध रॉड १८ डॉलरमध्ये देशात कुठूनही कुठेही जात नाही. तो पाठवणारच नव्हता म्हणून त्याला १८ म्हणणं परवडत होतं.

पण मला सांगा, पार्सलच्या घेराचे नियम कोण पाठ करून बसतं? १८ ऐकून मला शंका आली नाही असं नाही, ती आली आणि गेली. मनात म्हटलं, जास्त लागले तर त्याच्या खिशातून जातील, आपल्याला काय. तुम्हीही हेच म्हटलं असतं.

जाहिरातीत अजून एक गोम होती. लूरचं वजन ‘१ ते १६ औंस’ लिहिलं होतं. असा रॉड नसतो. १६ औंसांना जो जेमतेम वाकतो, तो १ औंसाला हलतसुद्धा नाही. काठीने पीस फेकल्यासारखं होतं. खऱ्या रॉडवर ४ ते १६, ६ ते १६ असलं काहीतरी छापलेलं असतं. मी ते विकणाऱ्याचं अज्ञान समजले. फोटोत छापील मजकुरावर नेमका त्याचा अंगठा होता. मॉडेल नंबर दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका, तो कंपनीच्या यादीशी ताडून बघा. आणि बहुतेक कंपन्यांची वॉरंटी पहिल्या मालकालाच असते, म्हणजे सेकंड हँडमध्ये वाचलेले पैसे तसेही निम्मेच वाचलेले.

उरलेले २३० आणि पाठवणीचे १८ असे २४८ मी एका पेमेंट ॲपने दिले, आणि ‘मित्र आणि कुटुंब’ या संरक्षण नसलेल्या पर्यायाने नव्हे. तो तेच मागत होता, मी ठामपणे नाही म्हटलं आणि वस्तू-खरेदीचा, संरक्षण असलेला पर्याय निवडला. शहाणपणा केला असं वाटत होतं. ट्रॅकिंग नंबर आला, पार्सल हललं, माझ्या गावात पोहोचलं, आणि फोनवर आलं: ‘डिलिव्हर्ड. मेलबॉक्समध्ये ठेवले.’

माझा मेलबॉक्स दीड फुटी आहे.

हा डाव तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, कारण संरक्षणाच्या भरवशावर बसणाऱ्यांचा गळा यातच कापला जातो. ते लोक तुमच्याच पिन कोडमधल्या भलत्याच पत्त्यावर एक पाकीट पाठवतात. ट्रॅकिंगमध्ये गाव आणि पिन कोड दिसतो, पूर्ण पत्ता दिसत नाही. तक्रार केलीत की ते ‘पोहोचलं’ म्हणून तोच नंबर दाखवतात.

आणि पेमेंट कंपनीने ते मान्य केलं! मी लिहिलं की ११४ इंची वस्तू मेलबॉक्समध्ये मावत नाही. उत्तर आलं, आमच्या नोंदीनुसार वस्तू आपल्या पत्त्याच्या गावी पोहोचली आहे. मी मेलबॉक्सचा टेप लावून फोटो पाठवला, जाहिरातीतली लांबी पाठवली. पुन्हा तेच वाक्य, खाली वेगळ्या माणसाचं नाव. विस्कॉन्सिनमध्ये हेवर्डला मासेमारीच्या संग्रहालयाबाहेर १४३ फुटी फायबरचा मस्की उभा आहे, तो माझ्या मेलबॉक्समध्ये ठेवला म्हणून कुणी नंबर दाखवला असता तरी यांनी ‘पोहोचला’ म्हणून फाइल बंद केली असती.

टपाल कचेरीत गेले. खिडकीवरच्या बाईंनी नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, हे तर छोटं पाकीट आहे, आणि तुमच्या पत्त्यावर नाहीच. मी म्हटलं, एवढंच एका कागदावर लिहून द्या. नाही देता येत. दुसऱ्या कुणाचा पत्ता आहे, खासगी माहिती. अहो, मला पत्ता नकोय, ‘हिच्या पत्त्यावर नाही’ एवढंच हवंय! साहेब नाहीत, सोमवारी या. सोमवारी साहेब होते, पण त्यांना पेमेंट कंपनीचं अधिकृत पत्र हवं होतं. पेमेंट कंपनीला टपालाचं पत्र हवं होतं. दोघांच्या मध्ये मी. तरीही तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्याच दिवशी टपालात जा आणि लेखी मागा. काही ठिकाणी देतात असं नंतर मला दोघांनी सांगितलं. माझ्या नशिबी ती खिडकी नव्हती.

पोलिसांत गेले. अधिकारी सज्जन होता, स्वतः मासे पकडणारा. सगळं ऐकून त्याने पहिला प्रश्न केला, ‘रॉड नवऱ्यासाठी होता का?’ माझ्यासाठी म्हटल्यावर मग कुठल्या तलावावर जाता, तिथे रबर चालतं की टॉपवॉटर (पाण्यावर तरंगणारा लूर), अशी बराच वेळ चौकशी केली. माझ्या तक्रारीबद्दल मात्र म्हणाला, हा दिवाणी मामला आहे. एक माणूस खोटं नाव, खोटा फोटो, खोटं पार्सल दाखवून पैसे घेतो आणि हा दिवाणी मामला! रिपोर्ट नंबर मिळवायलासुद्धा हट्ट धरून बसावं लागलं. तो नंबर मात्र घ्याच, बँक विचारते. विचारते, आणि पुढे काही करत नाही, कारण ६० डॉलर ‘आपण स्वतः अधिकृत केले आहेत’. केंद्र सरकारच्या ऑनलाइन तक्रारीत सगळी रामकहाणी भरली. पोच आली. बस्स. ग्रुपच्या चालकांनी तर कमाल केली: मी इशारा टाकला तो ‘पुराव्याशिवाय सदस्यावर आरोप’ म्हणून काढून टाकला, आणि त्याची जाहिरात पुढेही काही काळ तशीच होती.

यातून सुटायची एकच वाट होती आणि ती माझी नेमकी चुकली. ॲपला क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं तर कार्ड कंपनीकडे वेगळी तक्रार करता आली असती. वस्तू आलीच नाही तर बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी वाद घालायचा हक्क इथल्या कायद्याने आहे. माझ्या ॲपला बँकेचं खातं जोडलेलं होतं. आत्ता उठा आणि तुमच्या ॲपला काय जोडलंय ते बघा.

पैसे परत मिळवून देतो म्हणणारे मेसेज आपोआप यायला लागतील, फी आगाऊ. ते याच लोकांचे भाऊबंद. मला आले, ब्लॉक केले.

साडेनऊ फुटी एकसंध रॉड दुकानातूनच घ्या, किंवा विकणारा गाडीने जाण्याच्या अंतरावर असेल तर समोर जाऊन हातात धरून घ्या, रील लावून. तसाही हा रॉड न धरता घेण्यासारखा नाही. दिवसभर अर्धा किलो फेकायचा असतो. मूठ काखेत कुठे येते आणि टोकाकडे किती जड लागतो हे फोटोत कळत नाही. पाउंडर फेकणार नसाल तर डबल एक्स्ट्रा हेवीच्या मागे लागूच नका. बकटेल आणि साध्या आकाराच्या रबराला नऊ फुटी हेवी भरपूर होतो, आणि तो बाजारात खूप दिसतो, त्यामुळे ‘शेवटचा आहे, लगेच पैसे पाठवा’ हे कुणी ऐकवू शकत नाही.

त्याचे फोटो ओळखण्याच्या खुणा: लाकडी धक्क्यावर आडवा ठेवलेला काळा रॉड, पुढच्या कॉर्कवर रील सीटजवळ (रील बसवायच्या जागेजवळ) जळल्याचा तपकिरी डाग, डाव्या कोपऱ्यात हिरव्या दोरीचं वेटोळं आणि छापील मजकुरावर अंगठा. नाव दर वेळी वेगळं असेल. हे फोटो दिसले तर पैसे पाठवण्याआधी मला कळवा, माझ्याकडे त्याचे सगळे मेसेज जपून ठेवलेले आहेत.