कॉन्फरन्सचं तिकीट की दोन महिन्यांचा स्टायपेंड?

एका ताईंनी विचारलंय की इंजिनिअरिंगच्या ज्या मुलींच्या घरात आधी कुणी रिसर्च केलेला नाही आणि ज्यांना डोळ्यांच्या हालचालींवर काम करायचंय, त्यांच्यासाठी पैसे जमलेत तर ते कॉन्फरन्सला द्यावेत की लॅबमधल्या स्टायपेंडला.

आधी खर्च. व्हिजन सायन्सेस सोसायटी या दृष्टीवर संशोधन करणाऱ्यांच्या संस्थेचं संमेलन मे महिन्यात फ्लोरिडात असतं, म्हणजे विमान, व्हिसा, हॉटेल, फी, आणि हे सगळं एकीवरच. तेवढ्यात इथल्या लॅबमध्ये एकीपेक्षा जास्त मुलींचा राहण्या-जेवणाचा खर्च निघेल.

टिकतं काय? लॅबमधलं शिक्षण, माझं तरी हेच मत. नऊ ठिपक्यांचं कॅलिब्रेशन (स्क्रीनवरच्या ठिपक्यांकडे बघायला लावून ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणारा कॅमेरा, जुळवून घेणं), चष्म्याच्या रिफ्लेक्शनने किंवा मस्काऱ्याने ट्रॅकर कसा गंडतो, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. सॅकेड, म्हणजे नजरेची झटकन उडी, समजा ३० मिलिसेकंदांची असेल तर ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा टिपणाऱ्या, कॅमेऱ्याला जेमतेम दोन सॅम्पल मिळतात आणि १००० हर्ट्झला तीसेक, मग वेग काढायचा, नॉइज गाळायचा, हे तर इंजिनिअरचंच काम आहे आणि या मुली ते मस्त करतात!

ओळखी मात्र कॉन्फरन्समध्येच होतात. आपल्या कामाचं पोस्टर तिथे लावतात, त्यापाशी उभं राहून ज्यांचे पेपर वाचले त्यांच्याशी थेट बोलता येतं, पुढे पीएचडीला त्याचा खूप उपयोग होतो.

मेहनत दोन्हीकडे आहेच, पण लॅबमध्ये शिकवणारी एक सीनियर हवी, नाहीतर मुली नुसत्या बसून राहतात.

म्हणून सेकंड-थर्ड इयरच्या मुलींना स्टायपेंड द्या, आणि जिच्याकडे स्वतःचा डेटा आहे, पोस्टर मंजूर झालंय, पीएचडीला अर्ज करायचाय, तिला तिकीट.