शिह त्झू पाळल्यानंतरचा अनुभव: कंगवा, डोळे आणि सतत हवी असणारी सोबत

आमच्याकडे शिह त्झू जातीची कुत्री आली त्याला आता वर्ष होत आलं. नाव चिमी. ही जात घ्यावी का, असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच सांगते: रोज थोडा वेळ मांडी घालून कंगवा हातात धरायची तयारी असेल तर जरूर घ्या. प्रेम, लळा, शांत स्वभाव या गोष्टींसाठी तिच्याकडे काही मागावं लागत नाही.

शिह त्झूचं मूळ तिबेटशी जोडलं जातं, पण ही जात घडली चीनच्या राजवाड्यात. शिकार करणं, मेंढ्या वळवणं, राखण करणं असलं काम तिच्या वाट्याला आलंच नाही; माणसाजवळ असणं हेच तिचं काम. चिमी ते मनापासून करते. मी लॅपटॉप उघडला की पायावर हनुवटी टेकून बसते, उठले की तीही उठते. बेल वाजली की दोनदा भुंकते आणि मग आलेल्याच्या पायाशी शेपूट हलवत उभी. राखणीसाठी कुत्रा हवा असेल त्यांनी दुसरी जात बघावी. आणि घर दिवसभर बंद राहणार असेल तर ही जात आणूच नये, असं माझं ठाम मत आहे. एकटेपणाने या कुत्र्यांचा जीव अगदी कासावीस होतो.

आता केसांबद्दल. यांना केसांचे दोन थर असतात आणि गळलेला केस जमिनीवर पडण्याऐवजी बराचसा अंगावरच्या केसांत अडकतो. म्हणून घरात केस कमी दिसतात, आणि म्हणूनच गुंताही होतो. सगळ्यात कठीण काळ साधारण 10 ते 12 महिन्यांच्या वयात येतो. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येत असतात, तेव्हा सकाळी विंचरलेल्या ठिकाणी संध्याकाळी गाठ सापडते. कानामागे, काखेत आणि हार्नेसचा (छातीभोवती बांधायच्या साजाचा) पट्टा घासतो तिथे बोट फिरवून बघावं. वरून केस छान मोकळे दिसतात आणि आत कातडीलगत घट्ट गोळा लागतो. तो मुळाशी चिमटीत धरायचा, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत आत जायचं. कोरड्या केसांवर कंगवा ओढू नये, आधी पाण्याचा हलका फवारा मारावा. आंघोळ मात्र गुंता काढल्यावरच. गाठ ओली झाली की ती आणखी आवळते. आता आम्ही केस आखूडच ठेवतो, चिमीलाही ते मानवतं. जमिनीवर लोळणारे लांब केस प्रदर्शनात शोभतात, रोजच्या घरात त्यांची काही गरज नाही.

केस कमी गळतात म्हणून ऍलर्जीवाल्यांना ही जात चालते, असं खूपदा ऐकू येतं. ऍलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, आणि त्या गोष्टी शिह त्झूलाही आहेतच. घरात कुणाला त्रास असेल तर आधी या जातीच्या कुत्र्याजवळ काही तास घालवून बघा.

चेहरा फारच गोड. नाकावरचे केस वरच्या दिशेने वाढतात, त्यामुळे तो फुललेल्या शेवंतीसारखा दिसतो. पण तेच केस डोळ्यांत टोचतात. चपट्या चेहऱ्यामुळे डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात, डोळे उघडे पडतात आणि बुबुळाला इजा पटकन होते. रोज ओल्या कापसाने डोळ्यांचे कोपरे पुसणं हा आमचा नेम झालाय. कुत्रा एक डोळा मिचकावू लागला, पंजाने चोळू लागला किंवा डोळा धुरकट दिसला, तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं. बुबुळावरची जखम वेगाने चिघळू शकते.

आखूड नाकामुळे उकाडा सोसत नाही. भर उन्हात फिरवणं नाहीच. सकाळ-संध्याकाळ छोटी फेरी पुरते. गळपट्ट्याऐवजी हार्नेस, कारण श्वासनलिकेवर ताण नको. कधी कधी चिमी मान ताठ करून नाकाने घर्र-घर्र श्वास आत ओढू लागते. पहिल्यांदा बघणाऱ्याचं काळीज हलतं, पण ही उलटी शिंक, थोड्या वेळात आपोआप थांबते. मात्र हिरड्या किंवा जीभ निळसर दिसली, किंवा धाप थांबलीच नाही, तर ते प्रकरण वेगळं. तिथे धावाधाव करायलाच हवी.

शी-शूची शिकवण सावकाश होते, धीर धरा. लहान जबड्यात दात दाटीने येतात, म्हणून ब्रशची सवय पिल्लू असतानाच लावावी.

पिल्लू निवडताना 'टीकप' किंवा 'इम्पीरियल' म्हणून अगदी बारीक चणीचा शिह त्झू दाखवला तर तिथून उठा. अशी वेगळी जात नाही. मोठेपणी 4 ते 7 किलो हे यांचं साधारण वजन, आणि त्याहून फार बारीक पिल्लं काढण्याच्या हौशीत त्या जीवांचे हाल होतात. त्यापेक्षा पिल्लाची आई दाखवा म्हणावं, आणि ती मोकळा श्वास घेते का, तिचे डोळे स्वच्छ आहेत का, हे नीट बघून घ्यावं.