एफडीवर ओडी, पगारावर ओडी की सरळ पर्सनल लोन?

घरात कुणाचं तरी ऑपरेशन झालंय. कॅशलेस मंजूर झालं नाही, म्हणून बिल खिशातून भरायचं आणि मेडिक्लेमचे पैसे दीड-दोन महिन्यांनी खात्यात यायचे. किंवा गावाकडच्या जमिनीच्या व्यवहाराचे पैसे पुढच्या महिन्यात येणार आहेत, पण कॉलेजची फी या आठवड्यात भरायची आहे. अशा वेळी बँकेत गेलं की काउंटरवरून तीन-चार नावं ऐकू येतात: एफडीवर ओडी (म्हणजे ओव्हरड्राफ्ट), सॅलरी ओडी, पर्सनल लोन, आणि 'मोडूनच टाका ना एफडी'. त्यातलं काय घ्यायचं, हे बहुतेक जण व्याजाचा दर बघून ठरवतात. मी आधी एकच प्रश्न विचारतो. हे पैसे परत कुठून आणि कधी येणार? त्याचं उत्तर ठाम असेल तर ओडी घ्या. 'बघू, भरू हळूहळू' असं असेल तर ओडीच्या वाटेला जाऊ नका.

ओडी म्हणजे खात्यात शिल्लक शून्य झाल्यावरही ठरलेल्या लिमिटपर्यंत पैसे काढण्याची मुभा. व्याज लिमिटवर लागत नाही, वापरलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांपुरतं लागतं. रोज दिवसअखेर जी उणे शिल्लक असेल तिच्यावर हिशेब होतो आणि महिन्याच्या शेवटी व्याज खात्याला नावे पडतं. ईएमआय नसतो. ओडीची सोय आणि धोका, दोन्ही यातच आहेत.

एफडीवर ओडी: सर्वात सहज मंजूर होणारी

इथे बँकेला तुमच्याबद्दल फारसं काही जाणून घ्यायचं नसतं. तारण तिच्याच तिजोरीत आहे. त्यामुळे सिबिल स्कोअर (आजवरच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण) बेताचा असला, नोकरी नवी असली किंवा तुम्ही घरूनच शिवणकाम करत असलात तरी अडत नाही. ठेवीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत लिमिट मिळतं (काही बँका हात आखडता घेतात) आणि व्याज एफडीच्या दराहून साधारण एक ते दोन टक्के जास्त असतं. प्रोसेसिंग फी बहुतेक ठिकाणी नसते, किंवा नाममात्र असते. मोठ्या बँकांच्या ॲपवर हे काम दहा मिनिटांत होतं. शाखेत गेलात तर पावतीच्या मागे रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही, एक अर्ज, आणि पावतीवर बँकेचा लिन (म्हणजे ओडी फिटेपर्यंत ठेवीवर बँकेचा हक्क). ठेव जोडनावावर असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात. इथेच बरीच प्रकरणं आठवडाभर अडकतात, कारण दुसरं नाव बंगळुरूला नोकरीला असलेल्या मुलाचं असतं.

दोन ठेवी यात चालत नाहीत. ८०सी खाली करसवलतीसाठी केलेली पाच वर्षांची एफडी तारण ठेवता येत नाही. अल्पवयीन मुलाच्या नावावरच्या ठेवीवरही बँका सहसा ओडी देत नाहीत. कपाटातली पावती काढून आनंदाने निघण्याआधी ती कोणत्या प्रकारची आहे ते वाचा.

आता आकडे. समजा ३,००,००० ची एफडी ७ टक्क्यांनी आहे, ओडी ८ टक्क्यांनी मिळाली, आणि तुम्ही १,००,००० रुपये ४५ दिवस वापरले. व्याज होतं ९८६ रुपये. एफडी तिकडे आपली वाढतच असते. याहून स्वस्त पैसा फक्त मेहुण्याकडून मिळतो, आणि त्याचं व्याज वेगळ्या प्रकारे चुकवावं लागतं.

मग एफडी मोडायची कधी?

'एफडी कधी मोडू नये' हे घराघरात सांगितलं जातं, पण ते नेहमी खरं नसतं. ठेव मुदतीआधी मोडली की ठरलेला दर मिळत नाही. जितके महिने ती राहिली, तितक्या मुदतीचा ठेव ठेवली तेव्हाचा दर धरतात आणि त्यातूनही अर्धा-एक टक्का दंड वजा करतात. वरचीच ठेव तीन वर्षांची होती आणि चौदा महिन्यांनी मोडली असं धरू. तेवढ्या मुदतीचा दर ६.६ असेल तर एक टक्का दंड जाऊन ५.६ पडेल. म्हणजे १.४ टक्क्यांचं नुकसान, तीन लाखांवर चौदा महिन्यांचं सुमारे ४,९०० रुपये. दीड महिन्याच्या गरजेसाठी हे सोसण्यात अर्थ नाही. ओडीचे ९८६ बरे.

पण पैसे लगेच परत येणार नसतील तर चित्र उलटं होतं. एफडीचं व्याज करपात्र असतं, आणि घरगुती खर्चासाठी काढलेल्या ओडीच्या व्याजाची वजावट मिळत नाही. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाच्या हातात सेस धरून ७ टक्क्यांतले ४.८ टक्केच राहतात आणि ओडीला तो ८ टक्के मोजतो. 'फक्त एकच टक्का फरक' हे वाक्य काउंटरवर छान वाटतं, प्रत्यक्षात हा फरक तीन टक्क्यांहून जास्त आहे. एक लाख रुपये मुदत संपेपर्यंतचे बावीस महिने ओडीवर ठेवले तर त्या फरकाचे सुमारे ५,८०० रुपये जातात. तीन लाखांऐवजी लाखाच्या तीन पावत्या केल्या असत्या, तर एक मोडण्याचं नुकसान १,६०० च्या आसपास झालं असतं. म्हणून माझा ढोबळ ठोकताळा असा: चार-सहा महिन्यांच्या आत पैसे परत येणार असतील तर ओडी, त्याहून लांबणार असेल आणि छोटी पावती असेल तर मोडा. एकच मोठी पावती असेल तर वर्षभरापर्यंत ओडी परवडू शकते. स्लॅब खालचा असेल तर ओडीचं पारडं आणखी जड होतं. आणि पुढची ठेव करताना एकच मोठी पावती करू नका. कारकून नाक मुरडेल, मुरडू दे.

पगारावर ओडी: दिसायला आपलीच शिल्लक

ठेव नसेल पण पगार त्याच बँकेत जमा होत असेल तर सॅलरी ओडी मिळू शकते. लिमिट हातात येणाऱ्या पगाराच्या एक ते तीन पट, व्याज साधारण १२ ते १८ टक्के, वर फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. तेच एक लाख, तेच ४५ दिवस, १४ टक्क्यांनी धरले तर व्याज १,७२६ रुपये. हजार रुपये फी आणि जीएसटी धरून सुमारे २,९००. एफडीच्या तिप्पट, तरीही वाईट नाही.

मंजुरी मात्र अर्जापेक्षा खात्याच्या इतिहासावर ठरते. मागचे तीन ते सहा महिने पगार वेळेवर आला का, तुमची कंपनी बँकेच्या यादीत आहे का, हातात येणाऱ्या पगारातला किती भाग आधीच हप्त्यांत जातो (निम्म्याच्या पुढे गेला की बँका कचरतात), एनएसीएच (खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) किंवा चेक परत गेलाय का, आणि सिबिल. ७५० च्या वर असेल तर बोलणंच नको. ॲपमध्ये 'प्री-अप्रूव्ह्ड' ऑफर दिसत असेल तर यातलं बरंचसं बँकेने आधीच तपासलेलं असतं. ऑफर दिसत नाही म्हणून एकाच आठवड्यात चार ॲप्सवर अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिल अहवालात नोंदली जाते आणि पाचव्या बँकेला ती हातघाईला आलेल्या माणसाची खूण वाटते. प्रोबेशनवर असाल तर काही महिने थांबा किंवा एफडीकडे वळा.

खरी गोम मंजुरीनंतर आहे. कित्येक ॲप्समध्ये 'उपलब्ध शिल्लक' या आकड्यात ओडीचं लिमिटही मिसळलेलं असतं. खात्यात उणे १,२०,००० आहेत. एक तारखेला ४८,००० पगार आला, उणे ७२,००० झाले. मग भाडं, किराणा, मुलांची व्हॅन, आईची औषधं असं करत महिनाअखेर पुन्हा उणे १,२०,००० वर. सरासरी ९६,००० वापरात धरले तर १४ टक्क्यांनी महिन्याला १,१०० च्या आसपास व्याज, वर्षाला १३,००० च्या पुढे, आणि मुद्दल जागचं हललेलं नाही. हेच १,२०,००० एक वर्षाच्या पर्सनल लोनवर १४ टक्क्यांनी घेतले असते, तर हप्ता १०,७७५ बसला असता, वर्षाचं व्याज सुमारे ९,३०० झालं असतं आणि बाराव्या हप्त्यानंतर कर्ज संपलं असतं. हप्ता जड वाटतो, पण तो कर्ज संपवतो. काही बँका यावर तोड म्हणून दर महिन्याला कमी होत जाणारं लिमिट देतात. दोन्ही पर्याय समोर असतील तर ते घ्या.

नोकरी बदललीत आणि पगार दुसऱ्या बँकेत जाऊ लागला की जुनी बँक लिमिट गोठवते आणि पूर्ण रक्कम मागते. राजीनामा देण्याआधी हे खातं साफ करा.

पर्सनल लोन, आणि क्रेडिट कार्डाबद्दल दोन शब्द

दीड महिन्यासाठी पर्सनल लोन घेणं म्हणजे उगाच पैसे घालवणं. एक लाख, १२ टक्के, दोन टक्के प्रोसेसिंग फी, आणि दीड महिन्यात बंद करताना उरलेल्या मुद्दलावर चार टक्के फोरक्लोजर चार्ज असं धरलं तर जीएसटीसह खर्च आठ हजारांच्या पुढे जातो. काही बँका तर पहिले काही हप्ते होईपर्यंत बंदच करू देत नाहीत. मात्र पैसे पगारातून हळूहळूच फेडायचे असतील तर हेच बरं. मुदत कर्जासाठी बँकेला आता मुख्य तपशीलपत्रक द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो आकडा बघा, जाहिरातीतला नको.

क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढू नका. काढताना अडीच टक्क्यांच्या आसपास फी, पहिल्या दिवसापासून महिना साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज, दोन्हींवर जीएसटी. यापुढे तुलना करायची गरज नाही.

आपल्याकडचा एक जुना पर्याय

शिक्षक, महापालिका, एसटी, सरकारी कार्यालयं, मोठे कारखाने इथल्या लोकांनी पगारदार नोकरांच्या पतसंस्थेकडे आधी पाहावं. सभासद असाल तर आकस्मिक कर्ज बऱ्याचदा काही दिवसांत मिळतं. दोन सभासद जामीनदार लागतात आणि हप्ता पगारपत्रकातूनच कापला जातो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये पगारातून अशा कपातीची तरतूद आहे. कर्जातली काही रक्कम शेअर्सकडे वळती होते, म्हणून हातात थोडं कमी पडतं, पण त्यावर लाभांशही येतो. सॅलरी ओडीपेक्षा शिस्त जास्त आणि दर बऱ्याचदा कमी. अडचण एकच. आज सहकारी तुमचा जामीन राहिला की उद्या तुम्हालाही त्याचा राहावं लागतं, आणि त्याचा हप्ता थकला तर कपात तुमच्या पगारातून होऊ शकते.

जनधन खात्यावरची ओडी हा वेगळा विषय आहे, पण घरकाम करणाऱ्या मावशींना सांगण्यासारखा. मर्यादा १०,००० रुपये (२०१८ पूर्वी ५,००० होती), वय १८ ते ६५, खातं किमान सहा महिने नीट चाललेलं हवं, आणि कुटुंबात एकालाच, शक्यतो घरातल्या बाईला. २,००० पर्यंत अटी नाहीत. शाखेत सहसा कुणी आपणहून सांगत नाही, मागावी लागते.

म्युच्युअल फंडांवर ओडी मिळते, पण बाजार पडला की लिमिटही पडतं आणि फरक भरायला फोन येतो. ज्याला हे फोन झेपतात त्याने घ्यावी. सोनेतारण स्वस्त आणि झटपट आहे, मात्र घरच्यांना न सांगता कुणी ते करू नये.

मंजूर झाल्यावर

ईएमआय नाही म्हणजे काहीच भरायचं नाही असं नव्हे. पगारावरच्या ओडीत सलग ९० दिवस खातं लिमिटच्या वर राहिलं, किंवा त्या काळात जमा झालेले पैसे व्याजालाही पुरले नाहीत, तर बँक ते थकीत धरते आणि सिबिलवर डाग लागतो. स्वतःच्या एफडीवरच्या ओडीला, ठेवीची रक्कम पुरेशी असेल तोवर, ही अडचण नसते. पण व्याज साठत जाऊन ठेवीच्या जवळ पोचलं की बँक ठेवच वळती करून घेते. लिमिटबाहेर गेल्यावर लागणारा दंड १ एप्रिल २०२४ पासून व्याजदरात मिसळता येत नाही, वेगळा आकार म्हणून दाखवावा लागतो. तो स्टेटमेंटमध्ये शोधा.

सही करण्याआधी शाखेत तीन गोष्टी विचारा: लिमिट वापरलं नाही तरी वर्षाला काही शुल्क आहे का, नूतनीकरणाला पुन्हा फी लागते का, आणि ठेवीची मुदत ओडीआधी संपली तर काय होईल. पैसे परत आले की नुसती शिल्लक शून्यावर आणून थांबू नका. लिमिट बंद करण्याचा अर्ज द्या आणि एफडीवरचा लिन उठल्याचं ॲपवर किंवा पावतीवर तपासा. तो तसाच राहिला तर मुदत संपल्यावरही ठेव ऑनलाइन काढता येत नाही आणि शाखेत खेटे घालावे लागतात.