मे महिन्यातला स्लॅब: आळी, बारदान की कंपाउंड?

स्लॅब टाकायचा म्हटलं की घरात चर्चा होते ती सिमेंटच्या ब्रँडची आणि सळईच्या भावाची. पाणी कसं मारायचं हे विचारलं तर मिस्त्री म्हणतो, "बघू की नंतर." सोलापूरच्या मे महिन्यात हे 'नंतर' फार महागात पडतं.

रशियात कडाक्याच्या थंडीत ताज्या काँक्रीटमध्ये तारा पुरून वीज सोडतात आणि ते ऊबदार ठेवतात. कारण पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि कच्चं काँक्रीट आतून फोडतं. आपल्याकडे वीज जाळायची गरज नाही, ऊन फुकट आहे. पण त्याच उन्हात, ४० अंशांच्या पुढे आणि वर कोरडा वारा असताना, सिमेंटला लागणारं पाणी उडून जातं. सिमेंट कितीही भारी असो, पाणी संपलं की त्याचं घट्ट होणं थांबतं. ते पाणी टिकवायचे मार्ग तीन: आळी म्हणजे छोटे बांध घालून साठवलेलं पाणी, ओलं बारदान, आणि पाणी उडू नये म्हणून फवारायचं क्युरिंग कंपाउंड.

स्लॅबवर आळी करून पाणी साठवणं हा जुना मार्ग, आणि माझं मत अजूनही त्याच्याच बाजूने आहे. फक्त पाण्याचा हिशोब आधी करा. १,००० चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे सुमारे ४,७०० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचा एक टँकर पहिल्याच दिवशी संपला. रोज सेंटीमीटरभर उडालं असं धरलं तर वर रोजचे ९०० लिटर. दहा दिवसांचे जवळपास तीन टँकर झाले. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत हे आधीच ठरवायला हवं. बोअरचं पाणी खारं असेल तर तपासून घ्या. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

दहा दिवस का? त्याच मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) सारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस सांगितले आहेत, आणि कोरड्या-उष्ण हवेत सिमेंट कुठलंही असो, किमान १० दिवस. घरबांधणीत बहुतेक पीपीसीच येतं. गोणीवर काय छापलंय ते वाचा.

कॉलम आणि बीमच्या बाजूंवर आळी होत नाही. तिथे बारदान गुंडाळायचं, आणि ते ओलं राहिलं तरच त्याचा उपयोग. सकाळी भिजवलेलं बारदान दुपारी कडक वाळतं, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा कुणीतरी पाइप धरायला हवा. साइटवर राहणारा वॉचमन नसेल तर हा पर्याय फक्त कागदावर चांगला. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात पोती सहज मिळतात, पण साखरेचं किंवा गुळाचं पोतं नीट धुतल्याशिवाय वापरू नका. साखर सिमेंटचं घट्ट होणं लांबवते. आमच्याकडे पोत्यांऐवजी घरातल्या जुन्या सोलापुरी चादरी गुंडाळल्या होत्या. आई दोन दिवस बोलली नाही, पण चादर बारदानापेक्षा जास्त वेळ ओली राहिली.

क्युरिंग कंपाउंडला पाणी लागत नाही. पृष्ठभागावरची पाण्याची चकाकी गेली की लगेच फवारायचं, उशीर झाला तर फायदा निम्मा. पार्किंगच्या काँक्रीटला किंवा लांबच्या साइटला ते ठीक. पण ज्यावर प्लास्टर, टाइल किंवा वॉटरप्रूफिंग बसायचं आहे तिथे मेणाचं कंपाउंड पकड बिघडवतं, आधी घासून काढावं लागतं. गच्चीच्या स्लॅबसाठी मी तरी नाही म्हणेन.

तिन्हींच्या आधीचे पहिले तीन-चार तास सगळेच विसरतात. जुळे सोलापुरातल्या आमच्या पहिल्या स्लॅबचं काँक्रीट दुपारी बारापर्यंत ओतत होते. संध्याकाळी आळी करायला वर गेलो तेव्हा केसाएवढ्या भेगा पडून झाल्या होत्या. वाऱ्याने वरचा थर घट्ट होण्याआधीच वाळला होता. दुसऱ्या स्लॅबला संध्याकाळी सुरुवात केली, जसजसं फिनिशिंग झालं तसतसं प्लास्टिक पसरत गेलो, आणि सकाळी आळ्यांत पाणी सोडलं. भेगा दिसल्या नाहीत.

घर जवळ असेल आणि टँकर परवडत असेल तर स्लॅबला आळी, कॉलमला बारदान. टँकरवाल्याला मात्र आदल्या दिवशीच फोन करा. आमचा "दुपारी येतो" म्हणाला होता, आला रात्री साडेदहाला.